दुसऱ्या चकतीतला सिनेमा

परवा जिना उतरत होते. आमच्या लिफ्टला शेजारच्या भाऊंनी लाल स्टिकर लावल्यापासून मी लिफ्टनं जात नाही. गुडघे दुखतात, म्हणून पायरीपायरीला थांबते, आणि थांबलं की जिन्यातली बोलणी आपोआप कानावर पडतात. खालच्या मजल्यावर नवा भाडेकरू आलाय, वाकडला कुठल्याशा ऑफिसात जातो. तो भाऊंना विचारत होता, की काका, घरातले सिनेमे टीव्हीवर बघायला सॉफ्टवेअर घ्यायचंय, तुम्ही म्हणे सगळी तपासलीत, तर पैसे भरून कुठलं घेऊ? भाऊ दाराला कुलूप लावत होते. मागं वळूनही न बघता म्हणाले, "फुकटचं घे."

मी तिथंच पायरीवर बसले.

हा माणूस फुकटची कोथिंबीर घेत नाही हो. डांगे चौकातल्या भाजीवाल्यानं वरून मिरच्या टाकल्या तर परत काढून ठेवतो. "फुकटच्या मालाची तक्रार कुणाकडं करायची?" हे त्यांचं वाक्य आमच्या सोसायटीत पोरंसोरंही म्हणून दाखवतात. आणि सॉफ्टवेअरच्या बाबतीत तर त्यांनी दोन वर्षं सगळ्यांची डोकी खाल्ली होती, की घ्यायचं ते विकतचं घ्यायचं, पैसे मोजले की समोरच्याला उत्तर द्यावं लागतं. तोच माणूस आता फुकटचं घे म्हणतो. त्या पोराला काय कळणार, तो थँक्यू काका म्हणून गेला.

भाऊ चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला होते. क्वालिटी म्हणजे बाहेरून आलेला आणि आत तयार झालेला माल तपासायचा. बरोबर असला तर हिरवा स्टिकर, वाया गेला तर लाल, आणि निर्णय व्हायचा असला तर पिवळा. त्या पिवळ्याला ते होल्ड म्हणायचे. रिटायर झाले तेव्हा कंपनीनं घड्याळ दिलं आणि हे स्वतःच्या पैशानं स्टिकरची रिळं घेऊन घरी आले. मग काय, घरातला मिक्सर हिरवा, गॅसचा रेग्युलेटर हिरवा, पाहुण्यांची एक खुर्ची लाल. त्या खुर्चीवर कुणी बसायला लागलं की धावत यायचे. लिफ्टचं तर सांगितलंच. चेअरमननं तो लाल स्टिकर खरवडून काढला, यांनी दुसऱ्या दिवशी सही-तारखेसकट नवा लावला. मी एकदा नारळाच्या वड्या दिल्या, तर डबा परत करताना म्हणाले, "ताई, चव पास. साइज रिजेक्ट." मला राग यायला हवा होता, पण मी घरी येऊन उरलेल्या वड्या एकीवर एक ठेवून बघितल्या आणि खरंच लहानमोठ्या होत्या.

वहिनी म्हणजे त्यांची बायको. मावळातल्या गावची, शेवटपर्यंत बोलणं तसंच राहिलं. हसऱ्या होत्या. सगळ्यांसमोर भाऊंना टोमणा मारायच्या, "मिक्सरला लावलं, कुकरला लावलं. मला न्हाई लावलं हिरवं अजून. मी आपली होल्डवरच हाय." भाऊ गंभीरपणे म्हणायचे, तपासणी चालू आहे. हा त्यांचा ठरलेला विनोद. मुलगी नागपूरला दिलेली, घरात दोघंच, त्यामुळं विनोदही दोघांपुरते आणि मी तिसरी.

मग वहिनींना पॅरॅलिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली. जीभ थोडी जड झाली, पण बोलायच्या. दिवसभर कॉटवर पडून भिंतीकडं बघायच्या. टीव्हीवरच्या मालिका त्यांना आवडायच्या नाहीत, त्या बायका कायम नटलेल्या का असतात म्हणायच्या. भाऊंकडं मात्र सिनेमांचा मोठा साठा होता. सिनेमांच्या चकत्या, म्हणजे सीडी, बंद पडायला लागल्या तेव्हा पिंपरीतलं एक दुकान उठत होतं, तिथनं खोकी भरभरून आणलेल्या. त्यांनी ठरवलं, की सगळे सिनेमे कंप्युटरच्या एका डब्यात भरायचे आणि वहिनींच्या कॉटसमोर टीव्ही लावायचा.

आता हे सॉफ्टवेअर काय प्रकार, तर मला समजलं ते सांगते. डब्यात सिनेमे नुसते पडून असतात, जसं ट्रंकेत कपडे. हे सॉफ्टवेअर ते टीव्हीवर मांडून दाखवतं, प्रत्येकाचं चित्र, नाव, कोण आहे, काय आहे. कुठं थांबलात ते लक्षात ठेवतं. फुकटही मिळतं, महिन्याच्या पैशानं मिळतं, एकदाच पैसे भरून कायमचंही मिळतं. भाऊंनी फुकटचं बघितलंच नाही. विकतची तेवढी मागवली, सगळी आधी थोडे दिवस वापरून बघता येतात तशी, आणि एकेक तपासायला घेतलं. डब्यावर पिवळा स्टिकर लावला.

तपासायला एक सिनेमा ठरवला. तोच का, ते वहिनींनी मला सांगितलं होतं. त्या लहान असताना गावच्या जत्रेत तंबूतला सिनेमा आला होता, काळा-पांढरा, मराठी. त्यात एक बाई लहान पोराला नणंदेपाशी ठेवून नवऱ्याला शोधायला निघते. नदीवर येते, नावेत बसते, पोर काठावर उभं राहतं, नाव सुटते. तिथं मध्यंतर झालं आणि वहिनींच्या वडलांनी, म्हणजे आबांनी, त्यांना उठवलं. त्यांनी बैलगाडी जुंपली होती, बरोबरची माणसं निघाली होती. पुढचा सिनेमा राहिला तो राहिलाच. "त्याच साली माझी आय गेल्ती, ताई," वहिनी म्हणाल्या. "मला नुसतं येवढंच बघायचं व्हतं, ती बाई पोराला न्यायला माघारी येती का न्हाई."

मी म्हटलं, कुणाला तरी विचारायचं. तर म्हणाल्या, सांगितलेलं नको, डोळ्यांनी बघायचंय.

भाऊंनी तो सिनेमा कित्येक वर्षं शोधला. त्या उठणाऱ्या दुकानात, शेवटच्या खोक्यात मिळाला. दोन चकत्यांचा होता, जुने सिनेमे असेच यायचे, पहिला अर्धा एकीत, दुसरा अर्धा दुसरीत. पहिली चकती नेमकी कुठं संपते सांगा. नाव पाण्यात सरते तिथंच.

तर असा हा माणूस. बायकोला नुसता सिनेमा आणून दाखवायचा होता, पण त्यांच्या कारखान्यातला नियम असा, की पहिला नग तपासून पास झाल्याशिवाय मशीन चालू करायचं नाही. मग लाइन उभी राहो, साहेब ओरडो. म्हणून आधी सॉफ्टवेअर पास होणार, मग वहिनी सिनेमा बघणार.

पहिल्या सॉफ्टवेअरनं आमच्या त्या नऊवारीतल्या बाईच्या सिनेमाला एका उघड्या अंगाच्या गोऱ्या माणसाचं चित्र लावलं, हातात तलवार. वहिनी इतक्या हसल्या की ठसका लागला. भाऊ हसले नाहीत. लाल. दुसऱ्यात मराठी नावांच्या जागी नुसते चौकोन यायचे. लाल. तिसरं चांगलं चाललं होतं, पण आमच्याकडं थेरगावात इंटरनेट गेलं तसं घरातल्या डब्यातला सिनेमाही उघडेना. माझ्याच घरातला माल बघायला मला गेटवर परवानगी मागायला लावतो का, म्हणाले. लाल. चौथं सगळ्यात पास होत होतं, फक्त पहिला भाग संपला की तिथंच थांबायचं. दुसरा भाग वेगळा सिनेमा म्हणून बाजूला दिसायचा. बाणाची बटणं दाबत तिथं जायचं, मग तो लावायचा.

आणि प्रत्येक वेळी तपासायला तोच सिनेमा, तोच पहिला भाग. शेजारी वहिनी कॉटवर. त्यांना पाठ झाला. ती बाई बोलायच्या आधी त्या बोलायच्या. नाव सुटली की पडदा काळा, भाऊ उठून बंद करायचे आणि कागदावर काहीतरी लिहायचे.

मला ते बघवेना. मी म्हटलं, "भाऊ, मी बसते ना शेजारी. दुसरा भाग मी लावून देते. बघू द्या त्यांना एकदा."

तर म्हणाले, "तुम्ही रोज याल का? मी बाहेर गेलो, मी नसलो, तर? तिला डाव्या हातानं एकच बटण दाबता येतं. एका बटणात सिनेमा सुरू झाला पाहिजे आणि शेवटाला गेला पाहिजे."

बोलणं चुकीचं नव्हतं. म्हणूनच त्यांच्याशी भांडता यायचं नाही. माझी सून कंप्युटरवरच काम करते, ती म्हणाली काका, ते दोन भाग जोडून एक करून देते, पाच मिनिटांचं काम आहे. भाऊ तिच्याकडं असे बघायला लागले, जणू तिनं देवाला पाय लावला. "तो सिनेमा माझा मास्टर आहे. त्याच्यावर सॉफ्टवेअर तपासायचं. जॉब बसत नाही म्हणून गेज कानशीनं घासतात का कुणी?" सून मला घरी आल्यावर म्हणाली, आई, मला यातलं काही कळलं नाही. मला कळलं होतं. माप घेऊन वस्तू तपासायची असते, वस्तू बसेना म्हणून मापच झिजवलं तर पुढं कशाचाच भरवसा राहत नाही. कळलं होतं, आणि तरी वाटत होतं, की या माणसाला धरून हलवावं.

वहिनींनीच मला गप्प केलं. "असू द्या, ताई. त्यांनी येकदाच सोडला व्हता माल."

ती गोष्ट अशी. भाऊ नोकरीला नवे होते तेव्हा एका लॉटमध्ये बारीक खोट होती. साहेब म्हणाले, एवढ्यानं काय होतंय, सही कर. यांनी केली. तो भाग एका प्रेसच्या मशीनवर बसला आणि यांच्याच शिफ्टच्या जोडीदाराचा उजवा हात गेला. दर दसऱ्याला भाऊ काळेवाडीला त्याच्याकडं आपट्याची पानं घेऊन जायचे. तो डाव्या हातानं घ्यायचा, चहा करायला सांगायचा, त्या हाताबद्दल कधी एका शब्दानं बोलला नाही. वहिनी म्हणाल्या, दसरा आला की यांना आदल्या दिवसापासून जेवण जात नाही. त्यानंतर भाऊंनी कुणाच्या सांगण्यावरून माल सोडला नाही. चाकणला एकदा ट्रक भरून उभा असताना शेवटच्या खोक्यावर स्वतः बसून राहिले होते, उठवायला सिक्युरिटी बोलावली होती म्हणतात.

असो. चौथ्या सॉफ्टवेअरच्या कंपनीला त्यांनी तक्रार लिहिली. दोष काय, कशामुळं, कधीपर्यंत सुधारणार आणि परत होऊ नये म्हणून काय करणार, अशी कंपनीतल्या पद्धतीनं, इंग्रजीत. उत्तर आलं, आभारी आहोत. यांनी परत लिहिलं. परत आभार. यांनी लिहिलं, आभार नकोत, तारीख द्या. असं चाललेलं. वहिनी विचारायच्या, आलं का हो तुमच्या साहेबाचं पत्र. आम्ही हसायचो. मीपण हसायचे.

त्या मधल्या काळात वहिनींना दुसरा झटका आला. दवाखान्यातनं घरी आल्या, हातपाय होते तसेच, पण डोक्यातलं विसकटलं होतं. मला कधी ताई म्हणायच्या, कधी मावशी. भात पुढं ठेवला की हा कुणाच्या घरचा विचारायच्या. भाऊ मला म्हणायचे, सिनेमा लागला की ओळखेल बघा, एवढ्यांदा बघितलाय.

आणि खरंच कंपनीचं उत्तर आलं. कुणीतरी माणसानं लिहिलं होतं, की तुमची तक्रार बरोबर आहे, नव्या आवृत्तीत दुरुस्त केलंय. भाऊ ते दाखवायला माझ्या दारात आले तेव्हा त्यांच्या पायात चप्पल नव्हती. म्हणाले, बघा, विकतचं घ्या म्हणत होतो ना. त्यांनी नवं सॉफ्टवेअर चढवलं, पहिल्या भागाचं शेवटचं मिनिट आणि दुसऱ्याचं पहिलं मिनिट, एवढंच परत परत लावून बघितलं. पुढचं बघितलं नाही. ते वहिनींबरोबर बघायचं होतं. पैसे भरले, कायमचे.

त्या दिवशी सकाळी मला बोलावलं. मी शिरा करून नेला. टीव्हीला हळदकुंकू वाहिलं होतं, खंडेनवमीला मशीनला वाहतात तसं. वहिनींची वेणी भाऊंनी घातली होती, वाकडीच, पण घातली होती. उशांना टेकून बसवलं. शर्टाच्या खिशात हिरवा स्टिकर तयार, तारीख घातलेली, सही केलेली. मी विचारलं, आधीच सही? तर लाजल्यासारखे झाले.

वहिनींनी डाव्या अंगठ्यानं बटण दाबलं. सिनेमा लागला.

त्यांनी ओळखला हो. तोंडात शब्द फिरायला लागले, त्या बाईच्या आधी. नणंद बोलते तिथं मान हलवायच्या. भाऊंनी माझ्याकडं बघितलं, त्यांचे डोळे भरलेले मी पहिल्यांदा बघितले. मग ती नदी आली. पोर काठावर, बाई नावेत, नाव सरली. पडदा काळा झाला. भाऊ पुढं वाकले. आणि आपोआप, कुणीही हात न लावता, चित्र परत आलं. पाणी, पलीकडचा काठ, वल्ह्याचा आवाज.

"पास," भाऊ हळूच म्हणाले आणि खिशाकडं हात नेला.

वहिनी डाव्या पायानं जमिनीवर चप्पल चाचपत होत्या.

मी म्हटलं, वहिनी, बसा ना, हेच तर बघायचं होतं तुम्हाला. ती पोराला न्यायला येते का, ते आता कळेल. त्यांनी माझ्याकडं लहान मुलीसारखं बघितलं. "संपला न्हवं का, मावशी. आता घरी जायाचं. आबांनी गाडी जुंपली आसंल."

नाव सुटली की उठायचं. तंबूत तेच झालं होतं, आणि या घरात महिनोन्महिने आम्ही त्यांना तेच शिकवलं होतं.

भाऊ कॉटपाशी खाली बसले. ज्यांनी एका खोट्या सहीपायी जन्मभर स्वतःला माफ केलं नाही, ते म्हणाले, "आबांना मी सांगून आलोय. ते थांबलेत बाहेर. तू बघ निवांत."

वहिनींनी त्यांना नीट न्याहाळलं. मग म्हणाल्या, "तुमी कोन? आबा वळखत न्हाईत तुमाला." आणि रडायला लागल्या, आबा रागावतील म्हणून.

भाऊंनी टीव्ही बंद केला. स्टिकर परत खिशात ठेवला. शिरा मी तसाच घरी आणला.

नंतर एकदा मी सुचवलं, की नुसता दुसरा भाग लावून बघा. त्यांनी लावलाही म्हणे. वहिनींनी डोळे मिटून घेतले. पुढं महिनाभरात त्या गेल्या. ती बाई परत आली की नाही, ते मला माहीत नाही. भाऊंनाही माहीत नाही, त्यांनी तो भाग पुढं बघितलेला नाही, एवढं मला त्यांच्याकडं बघून कळतं. डबा तिथंच आहे, अजून पिवळाच.

वहिनींना खाली घेतलं तेव्हा आम्ही बायकांनी सगळं केलं. हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला, ओटी भरली. मुलगी नागपूरहून पोचली होती. भाऊ दाराशी उभे होते. उचलायची वेळ झाली तसे पुढं आले, खाली बसले, खिशातनं काहीतरी काढलं आणि वहिनींच्या डाव्या हाताच्या पंजावर ठेवून अंगठ्यानं चारी कडा दाबून बसवलं. नीट, एकही कोपरा उचलला जाऊ नये असं.

एक बाई म्हणाली, अगं बाई, यांचं चित्त ठिकाणावर नाही. ती काढायला वाकली. मी तिचा हात धरला. म्हटलं, राहू दे.

जवळनं बघितलं तर सही होती, तारीखही होती. पण तारीख त्या दिवसाची नव्हती. सिनेमाच्या सकाळची होती. भाऊंनी ती बदलली नव्हती.